थोरले शाहूमहाराज व त्यांचे सोबती

अद्भुतरम्य कादंबऱ्यांचा नायक बहुधा एखादा तरुण राजपुत्र असतो. त्याचें राज्य हरपलेलें असतें, वाट अनोळखी असते, आणि त्या वाटेवर कोणी वृद्ध, कोणी शूर, तर कोणी मुका प्राणीहि त्याच्या साह्यास धांवून येतो. आमच्या विद्यार्थ्यांना अशा कथांची मोठी गोडी आहे. परंतु असा राजपुत्र आपल्या साताऱ्यास खरोखरच होऊन गेला, हें त्यांच्या ध्यानीं आणून द्यावें असें आम्हांस वाटतें.

छत्रपति संभाजीमहाराजांचे पुत्र शाहू यांचा जन्म १६८२ सालीं झाला. १६८९ मध्यें औरंगजेबानें संभाजीमहाराजांचा वध करविला, आणि त्याच वर्षीं रायगड मोंगलांच्या हातीं गेला. सात वर्षांचें तें मूल मातोश्री येसूबाईंसह कैद झालें. पुढें सुमारें अठरा वर्षें बादशाही छावणी जाईल तिकडे त्यांस जावें लागलें. त्या दिवसांत ज्योत्याजी केसरकर या सेवकानें त्यांची साथ सोडली नाहीं. खुद्द बादशहाची कन्या झीनतुन्निसा हिनेंहि या परक्या मुलावर माया केली. शाहूंवर धर्मांतराचा प्रसंग आला, तेव्हां प्रतापराव गुजरांचे पुत्र खंडेराव यांनीं तो आपल्यावर घेतला, असें सांगतात. धर्म हा अंतःकरणाचा विषय आहे. बळानें तो लादूं पाहणारा केवळ नांव बदलूं शकतो. खंडेरावांची स्वामिनिष्ठा मात्र बदलली नाहीं.

१७०७ सालीं औरंगजेब मरण पावला, व त्याचा पुत्र आजमशहा यानें उत्तरेस जातांना शाहूंस माळव्यांत मोकळें केलें. पण येसूबाई मोंगलांकडे ओलीस राहिल्या. पंचवीस वर्षांच्या मुलानें आईला शत्रूच्या हातीं ठेवून राज्याच्या शोधांत निघावें, यापेक्षां कठीण पाऊल कोणतें? परतावें तर राज्य जातें; पुढें जावें तर माता अंतरते. शाहू पुढें गेले.

स्वदेशींहि वाट सोपी नव्हती. सात वर्षें मोंगलांशीं झुंजून ज्यांनीं राज्य राखलें, त्या ताराबाईंनीं आपल्या पुत्राचा हक्क सोडला नाहीं. आलेला शाहू तोतया आहे, असा बोभाटा झाला. तेव्हां परसोजी भोसले यांनीं त्यांच्याबरोबर एकाच ताटांत जेवून लोकांचा संशय फेडला, असें बखरी सांगतात. वाटेंत पारद गांवच्या लोखंडे पाटलानें विरोध केला व तो लढाईंत पडला. त्याच्या विधवेनें आपलें मूल शाहूंच्या पायांशीं आणून घातलें. त्यांनीं तें पुत्राप्रमाणें वाढविलें व त्याचें नांव फत्तेसिंग ठेविलें. अक्कलकोटच्या राजघराण्याचा मूळ पुरुष तो हाच.

ऑक्टोबर १७०७ मध्यें भीमेकांठीं खेड येथें दोन्ही सैन्यें समोरासमोर आलीं. सेनापति धनाजी जाधव यांनीं शाहूंचा पक्ष घेतला; त्यांचें मन वळविण्यांत बाळाजी विश्वनाथ यांचा हात होता. पुढें सातारा हस्तगत होऊन १२ जानेवारी १७०८ रोजीं शाहूंस राज्याभिषेक झाला. अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याशीं त्यांनीं शाहूनगर वसविलें. तेंच आजचें सातारा शहर.

राज्य मिळालें, पण आई विसरली नाहीं. १७१३ सालीं पेशवेपद मिळालेले बाळाजी विश्वनाथ पुढें फौजेसह दिल्लीस गेले, आणि १७१९ सालीं येसूबाई तीस वर्षांच्या बंदिवासानंतर साताऱ्यास आल्या. मातापुत्रांची बारा वर्षांची ताटातूट तेव्हां कोठें संपली.

शाहूमहाराज स्वतः मोठे रणधुरंधर नव्हते. मोहिमा त्यांनीं पेशव्यांवर सोंपविल्या, व कालांतरानें सत्ताहि तिकडेच गेली. हा दोष इतिहास झांकीत नाहीं. तथापि हरलेल्या शत्रूशीं नातें जोडण्याची हातोटी त्यांच्यापाशीं होती. चुलतभाऊ कोल्हापूरकर संभाजी यांचा पराभव झाल्यावर १७३१ सालीं त्यांनीं त्यांच्याशीं तह केला आणि वारणेच्या दक्षिणेकडील प्रदेश त्यांस दिला. सांगलीजवळ हरिपूर येथें वारणा कृष्णेस मिळते. तो संगम पाहतांना आमच्या मुलांनीं या दोन भावांची आठवण करावी.

१५ डिसेंबर १७४९ रोजीं महाराज निवर्तले. संगम माहुलीस त्यांच्या समाधीबरोबर त्यांच्या एका कुत्र्याचेंहि स्मारक आहे. शिकारींत त्यानें धन्यास वाघापासून वांचविलें, असें सांगतात. राजाच्या नांवानें स्मारकें पुष्कळ उभीं राहतात. पण राजानें आपल्या मुक्या सोबत्याचें उपकार दगडांत कोरून ठेवावे, हें क्वचितच घडतें. सोबती मिळणें हें नशीब असेल. त्यांस न विसरणें हें मात्र आपल्या हातीं आहे.