इम्पीडन्स हा शब्द देणारा माणूस चोविसाव्या वर्षी नोकरी सोडून घरी बसला होता

जुन्या ट्यूबलाइटच्या पट्टीत एक जड लोखंडी डबी असायची. चोक. ती उघडली तर आत काय, तांब्याच्या तारेचं वेटोळं आणि लोखंडाच्या पत्र्या. मीटर लावून त्या तारेचा रोध मोजला तर थोडकाच भरतो. तरीही ट्यूबमधला करंट ती बरोबर आवरून धरते.

हा आवर येतो कुठून? आपल्या घरातला करंट सेकंदाला 50 वेळा पुढे-मागे हेलकावतो. असा बदलता करंट वेटोळ्यातून जाऊ लागला की त्याचंच चुंबकीय क्षेत्र त्या बदलाला विरोध करतं. हा विरोध आणि तारेचा साधा रोध मिळून जी अडवणूक होते, ती म्हणजे इम्पीडन्स. मराठी पुस्तकांत संरोध. 1886 साली हा शब्द वापरात आणला तो लंडनमध्ये आईवडिलांकडे राहणाऱ्या एका बेकार माणसानं. नाव ऑलिव्हर हेविसाइड.

त्याचा जन्म 18 मे 1850 चा, लंडनच्या कॅम्डन टाउनमधला. वडील छपाईसाठी लाकडावर चित्रं कोरायचे, पण पैसा बेताचाच. लहानपणी स्कार्लेट फीवर झाला आणि ऐकू कमी येऊ लागलं. सोळाव्या वर्षी शाळा सुटली, कॉलेजचं तोंड त्यानं पाहिलंच नाही. एक गोष्ट मात्र नशिबानं चांगली होती. मावशीचे यजमान होते चार्ल्स व्हीटस्टन, टेलिग्राफच्या दुनियेतलं मोठं नाव. ऑलिव्हर टेलिग्राफ कंपनीत लागला, आधी डेन्मार्कला आणि मग न्यूकॅसलला.

1874 साली त्यानं नोकरी सोडली आणि परत कधीच धरली नाही.

मग केलं काय? मॅक्सवेलचा वीज आणि चुंबकत्वावरचा ग्रंथ हाती घेतला आणि लागेल ते गणित स्वतःच शिकला. आज इंजिनीअरिंगची मुलं मॅक्सवेलची म्हणून जी 4 समीकरणं पाठ करतात, त्यांना तो सुटसुटीत आकार हेविसाइडनं दिला. मॅक्सवेलकडे ती 20 होती.

खरा संघर्ष झाला तो टेलिफोनवरून. लांबच्या तारेवर आवाज पोचायचा, पण बोलणं कळायचं नाही. कारण आवाजात कमी-जास्त फ्रिक्वेन्सीच्या लहरी मिसळलेल्या असतात. तारेवर त्या सारख्या वेगानं जात नाहीत आणि सारख्या प्रमाणात विरतही नाहीत. पोचेपर्यंत सगळा घोळ.

1887 मध्ये हेविसाइडनं गणितानं दाखवलं की तारेचा रोध, इंडक्टन्स, कपॅसिटन्स आणि गळती यांचं ठरावीक प्रमाण जुळवलं, तर आवाज क्षीण होईल पण बिघडणार नाही. प्रत्यक्षात तारांमध्ये इंडक्टन्सच कमी पडत होता. म्हणजे तो मुद्दाम वाढवायचा, त्यासाठी तारेत थोड्या थोड्या अंतरावर वेटोळी बसवायची!

ब्रिटिश टपाल खात्यातले बडे विद्युत अधिकारी विल्यम प्रीस यांचं मत नेमकं उलटं होतं. इंडक्टन्स म्हणजे शत्रू. आणि ऑलिव्हरचा भाऊ आर्थर याच खात्यात नोकरीला. दोघा भावांनी मिळून लिहिलेला निबंध प्रीस साहेबांनी छापू दिला नाही. त्याच वर्षी, ज्या साप्ताहिकात ऑलिव्हर लिहायचा त्याचा संपादक बदलला आणि लेखमालाही थांबली. हेविसाइडही काही गप्प बसणारा नव्हता. पुढे त्यानं छापील लेखांतून प्रीसची यथेच्छ टिंगल केली.

पुढे विल्यम थॉमसन, म्हणजे नंतरचे लॉर्ड केल्विन, यांनी त्याच्या कामाची जाहीर वाखाणणी केली. 1891 मध्ये तो रॉयल सोसायटीचा फेलो झाला. पैसा मात्र आला नाही. वेटोळ्यांचं पेटंट त्यानं घेतलंच नव्हतं. 1900 साली ते अमेरिकेत मायकेल प्युपिनला मिळालं, एटी अँड टी कंपनीनं ते विकत घेतलं आणि प्युपिनला काही लाख डॉलर मिळाले. हेविसाइडला एक पेनी नाही. मित्रांनी मदत मिळवून दिली तर त्यात त्याला दयेचा वास यायचा आणि तो नाकारायचा. 1896 मध्ये वर्षाला 120 पौंडांची सरकारी पेन्शन घ्यायला त्याला कसंबसं राजी करावं लागलं.

इकडे त्याचा शब्द जगभर निघाला होता. मुंबईत कुलाब्याला जन्मलेल्या आर्थर केनेलीनं 1893 मध्ये अमेरिकेत दाखवून दिलं की इम्पीडन्स संमिश्र संख्येत मांडला तर एसी करंटचं किचकट गणित जवळपास ओहमच्या नियमाइतकं सोपं होतं. ट्रान्सफॉर्मरच्या पाटीवर टक्क्यांत इम्पीडन्स लिहिलेला असतो, तो उगाच नाही. 5 टक्के असेल, तर पुढच्या बाजूला शॉर्टसर्किट झाल्यावर पूर्ण लोडच्या साधारण 20 पट करंट येऊ शकतो. तेवढा तोडणारा ब्रेकर तिथं हवा.

फ्रिक्वेन्सी वाढली की हिशोब आणखी बदलतो. डिश टीव्हीची केबल 75 ओहमची म्हणतात. मीटरनं मोजायला गेलात तर हा आकडा दिसणार नाही आणि केबल 1 मीटर असो की 100, तो बदलतही नाही. तो ठरतो केबलच्या इंडक्टन्स आणि कपॅसिटन्सच्या प्रमाणावरून. पुढच्या यंत्राचा इम्पीडन्स त्याच्याशी जुळला नाही, तर सिग्नलचा काही भाग आल्या वाटेनं परत फिरतो. तारांवरच्या लहरी अशा परततात, याचाही हिशोब हेविसाइडनं आधीच करून ठेवला होता.

1902 मध्ये केनेली आणि हेविसाइड, दोघांनी वेगवेगळं सुचवलं की वातावरणात उंचावर वीज वाहून नेणारा थर असावा, म्हणून रेडिओलहरी पृथ्वीच्या गोलाईला वळसा घालून जातात. थराला दोघांचं नाव मिळालं.

म्हातारपणी तो टॉर्की गावात जवळजवळ एकटाच राहिला. घरात फर्निचर म्हणून ग्रॅनाइटचे दगड आणि गॅस कंपनीशी कायमचं भांडण. 1922 साली इंग्लंडच्या विद्युत अभियंत्यांच्या संस्थेनं आपलं पहिलं फॅरेडे पदक त्याला दिलं. 1925 च्या सुरुवातीला तो शिडीवरून पडला आणि 3 फेब्रुवारीला गेला. शेजारच्या पेंटन गावात आईवडिलांच्याच थडग्यात त्याला पुरलं.