हेन्री जॉन्सन : मरणानंतर ८६ वर्षांनी मिळालेले पदक



शौर्य ही कोणत्याही वर्णाची मिरासदारी नाही, हे तुम्ही जाणता. पण ज्याला समाज हीन मानतो त्याने शौर्य गाजवले, तर त्याची नोंद कोण ठेवतो? अमेरिकेतील काळे सैनिक हेन्री जॉन्सन यांचे जीवन ऐका.

नॉर्थ कॅरोलायना राज्यात जन्मलेले जॉन्सन पुढे आल्बनी शहरी आले आणि रेल्वे स्टेशनवर हमाली करू लागले. जून १९१७ मध्ये ते पहिल्या महायुद्धासाठी सैन्यात भरती झाले. त्यांची ३६९ वी पलटण काळ्या शिपायांची होती. फ्रान्सला पोहोचल्यावर तिला आधी जहाजावरील माल उतरवण्याचे काम मिळाले. गोऱ्या अमेरिकन सैनिकांच्या खांद्याला खांदा लावून काळ्यांनी लढावे, हे अमेरिकन सेनेला मान्य नव्हते. अखेर पलटण फ्रेंच सैन्याच्या हवाली झाली. फ्रेंचांनी त्यांना रायफली दिल्या आणि आघाडीवर नेले.

१५ मे १९१८. आर्गोनच्या जंगलाजवळ रात्रीचा पहारा होता. डझनभर जर्मन सैनिक चालून आले. सोबती नीडहॅम रॉबर्ट्स जखमी होऊन पडले. जॉन्सन यांनी हातबॉम्ब फेकले, ते संपल्यावर रायफल चालवली. ती अडकली, तेव्हा तिच्याच दस्त्याने ते लढले. शत्रू रॉबर्ट्स यांना ओढून नेऊ लागला, तेव्हा जड सुरा घेऊन ते तुटून पडले. अंगावर २१ जखमा झाल्या, पण सोबती वाचला.

फ्रान्सने त्यांना ‘क्र्वा द गेर’ हे युद्धपदक दिले. १९१९ मध्ये न्यूयॉर्कमध्ये पलटणीची मिरवणूक निघाली. मात्र स्वदेशाने त्यांच्या हयातीत एकही शौर्यपदक दिले नाही. १ जुलै १९२९ रोजी, चाळिशीही न गाठता, ते वारले.

आल्बनीचे लोक आणि माजी सैनिक मात्र स्वस्थ बसले नाहीत. त्यांनी वर्षानुवर्षे पाठपुरावा केला. जुन्या दप्तरांतून सेनापती पर्शिंग यांचा १९१८ मधील अहवाल सापडला. त्यात या पराक्रमाची नोंद होती. २०१५ मध्ये अमेरिकेचे सर्वोच्च शौर्यपदक, मेडल ऑफ ऑनर, त्यांना मरणोत्तर मिळाले.

एका कागदाने हे घडवले. तुमच्या घरच्या पेटीत आजोबांचा पलटणीतला दाखला असेल, एखादा बिल्ला असेल. तो रद्दीत जाऊ देऊ नका. आजोबांची हकिकत मुलांकडून वहीत लिहून घ्या.