मार्गारेट वेड: बंद केलेला संघ पुन्हा उभारणाऱ्या प्रशिक्षिका

अमेरिकेच्या मिसिसिपी राज्यात क्लीव्हलँड नावाचे एक छोटे शहर आहे. ओहायो राज्यातील प्रसिद्ध औद्योगिक शहराशी त्याचा नावाखेरीज काही संबंध नाही. कापसाच्या शेतांनी वेढलेल्या या शहरातील डेल्टा स्टेट या अध्यापक महाविद्यालयाने १९३२ साली मुलींचा बास्केटबॉल संघ बंद केला. हा खेळ तरुण स्त्रियांना झेपण्याजोगा नाही, असे कारण त्यासाठी देण्यात आले. संघातील मुली रडल्या, त्यांनी आपले खेळाचे पोशाख जाळून टाकले आणि त्यापलीकडे काही करणे त्यांच्या हाती नव्हते.

त्या मुलींमध्ये मार्गारेट वेड होत्या. तब्बल ४१ वर्षांनी, १९७३ साली, याच महाविद्यालयाने मुलींचा संघ पुन्हा उभारण्याचे ठरवले, तेव्हा मुख्य प्रशिक्षिकेच्या जागेसाठी त्यांनाच बोलावण्यात आले. त्या वेळी त्यांचे वय ६० वर्षांचे होते. पुढील सहा हंगामांत त्यांनी जे घडवले, त्यामुळे त्यांचे नाव अमेरिकी महिला बास्केटबॉलच्या इतिहासात कायमचे नोंदले गेले.

शाळेतील कारकीर्द

मार्गारेट वेड यांचा जन्म ३० डिसेंबर १९१२ रोजी मिसिसिपीतील मॅककूल येथे झाला. डेल्टा स्टेटमध्ये त्या तीन वर्षे खेळल्या. संघ बंद झाल्यावर पदवी घेऊन त्या बाहेर पडल्या आणि काही काळ टुपेलो रेड विंग्ज या संघाकडून खेळल्या. खेळण्याचे दिवस संपल्यावर त्यांनी शाळेत शिकवण्याचा आणि संघ घडवण्याचा मार्ग धरला.

क्लीव्हलँड येथील शाळेत त्यांनी १९ वर्षे मुलींच्या संघाला प्रशिक्षण दिले. या काळात संघाने ४५३ सामने जिंकले, ८९ गमावले आणि ६ बरोबरीत सुटले. बास्केटबॉलमध्ये बरोबरी हा शब्द आजच्या वाचकाला खटकेल. परंतु त्या काळी मुलींचा खेळ अनेक बाबतींत वेगळाच होता. अमेरिकेत बहुतेक ठिकाणी मुलींच्या संघात पाचऐवजी सहा खेळाडू असत. तिघींनी मैदानाच्या एका अर्ध्या भागात राहून गुण मिळवायचे आणि तिघींनी दुसऱ्या भागात बचाव करायचा. मधली रेषा ओलांडण्यास मनाई असे. चेंडू जमिनीवर आपटत पुढे नेण्यावरही मर्यादा होती. मुली दमू नयेत, हाच या सर्व बंधनांमागील विचार होता. १९३२ साली डेल्टा स्टेटने संघ बंद केला, तोही याच विचाराचे टोक गाठून.

१९५४ साली वेड यांनी शाळेतील प्रशिक्षकपद सोडले. पुढे त्या डेल्टा स्टेटमध्ये परतल्या, परंतु त्या महिलांच्या शारीरिक शिक्षण विभागाच्या प्रमुख म्हणून. ज्या महाविद्यालयाने त्यांचा खेळ थांबवला होता, तेथे त्या वर्षानुवर्षे मुलींना व्यायाम आणि खेळ शिकवत राहिल्या. आंतरमहाविद्यालयीन सामन्यांसाठी मुलींचा संघ मात्र तेथे नव्हता.

कायदा आणि नवी संधी

१९७१ साली महाविद्यालयीन मुलींच्या बास्केटबॉलमध्ये पाच खेळाडूंचा, संपूर्ण मैदानावरील खेळ सुरू झाला. त्याच वर्षी महिलांच्या महाविद्यालयीन क्रीडास्पर्धा भरवण्यासाठी एआयएडब्ल्यू ही राष्ट्रीय संघटना स्थापन झाली. जून १९७२ मध्ये शिक्षणविषयक कायद्यातील 'टायटल नाइन' हे कलम अमलात आले. केंद्र सरकारचा निधी घेणाऱ्या शिक्षणसंस्थांना लिंगाच्या आधारे भेदभाव करण्यास त्याने मनाई केली. मूळ कलमात खेळाचा उल्लेखही नव्हता. तरीही त्याचा सर्वांत दृश्य परिणाम झाला तो खेळाच्या मैदानावर.

डेल्टा स्टेटचे तत्कालीन अध्यक्ष ऑब्री लुकस यांनी संघ पुन्हा सुरू केला आणि त्याची सूत्रे वेड यांच्याकडे सोपवली. महाविद्यालयाच्या मुलांचा संघ 'स्टेट्समन' या नावाने ओळखला जाई, म्हणून मुलींच्या संघाला 'लेडी स्टेट्समन' म्हणण्यात आले. या नावातील विसंगतीची फारशी चर्चा झाली नाही.

पहिल्याच हंगामात या संघाने १६ सामने जिंकले आणि केवळ दोन गमावले. वेड यांनी आयुष्याचा मोठा भाग मुलींच्या जुन्या नियमांच्या काळात काढला होता. साठीत पोहोचल्यावर त्यांना संपूर्ण मैदानावरील वेगवान खेळाचा संघ बांधायचा होता, हे लक्षात घेतले तर या आकड्यांचे महत्त्व कळते.

सलग तीन विजेतेपदे

या संघाचा आधारस्तंभ होत्या ल्युशिया हॅरिस. सहा फूट तीन इंच उंचीच्या हॅरिस मिसिसिपीच्याच मिंटर सिटी भागातील शेतकरी कुटुंबातून आल्या होत्या. संघात त्या एकमेव कृष्णवर्णीय खेळाडू होत्या. वांशिक विभाजनाचा कटू इतिहास असलेल्या मिसिसिपीत ही बाब लहान नव्हती. संघाचा खेळ मैदानावर चालवणाऱ्या डेबी ब्रॉक यांची उंची होती अवघी चार फूट अकरा इंच. या दोघी एकाच संघात खेळत आणि वेड यांनी दोघींच्याही गुणांना वाव दिला.

१९७४-७५ च्या हंगामात डेल्टा स्टेटने २८ पैकी २८ सामने जिंकले. अंतिम सामन्यात त्यांच्यासमोर होता इमॅक्युलाटा महाविद्यालयाचा संघ. पेनसिल्व्हानियातील या छोट्या कॅथलिक महाविद्यालयाने कॅथी रश यांच्या मार्गदर्शनाखाली आधीची तिन्ही राष्ट्रीय विजेतेपदे पटकावली होती. डेल्टा स्टेटने हा सामना ९० विरुद्ध ८१ गुणांनी जिंकला. हॅरिस यांनी ३२ गुण मिळवले. फलकावर आदळून परतणारा चेंडूही त्यांनी १६ वेळा हस्तगत केला. पुनरुज्जीवित संघाचा हा केवळ दुसरा हंगाम होता.

पुढच्या वर्षी पुन्हा इमॅक्युलाटाशीच गाठ पडली. १९७६ चा अंतिम सामना डेल्टा स्टेटने ६९-६४ असा जिंकला. १९७७ साली लुइझियाना स्टेट विद्यापीठाला ६८-५५ असे हरवून सलग तिसरे विजेतेपद मिळवले. या तीन हंगामांत संघाने ९३ सामने जिंकले आणि फक्त चार गमावले. त्यात एकदा सलग ५१ विजयांची मालिकाही होती. कापसाच्या पट्ट्यातील एका लहान महाविद्यालयाने देशातील मोठमोठ्या विद्यापीठांना मागे टाकले होते.

वेड यांच्या शिष्येची कीर्ती महाविद्यालयाबाहेरही पोहोचली. १९७६ च्या माँट्रियल ऑलिंपिकमध्ये महिला बास्केटबॉलचा प्रथमच समावेश झाला आणि या स्पर्धेतील पहिले गुण हॅरिस यांनी नोंदवले. अमेरिकेने रौप्यपदक मिळवले. १९७७ साली न्यू ऑर्लिन्स जॅझ या पुरुषांच्या व्यावसायिक संघाने खेळाडू निवडीच्या सातव्या फेरीत त्यांची निवड केली. त्या तेव्हा गरोदर होत्या आणि चाचणी शिबिराला गेल्या नाहीत. महिलांसाठी तशी व्यावसायिक स्पर्धा त्या वेळी अमेरिकेत नव्हतीच. हॅरिस यांचे निधन जानेवारी २०२२ मध्ये झाले. त्यानंतर दोनच महिन्यांनी त्यांच्या जीवनावरील 'द क्वीन ऑफ बास्केटबॉल' या लघु माहितीपटाला ऑस्कर पुरस्कार मिळाला.

निवृत्ती आणि सन्मान

वेड १९७९ साली निवृत्त झाल्या. डेल्टा स्टेटमधील सहा हंगामांत त्यांच्या संघाच्या खात्यावर १५७ विजय आणि २३ पराभव जमा होते.

त्यांनी ज्या काळात यश मिळवले, तो काळ फार टिकला नाही. महिला खेळांना पैसा आणि प्रतिष्ठा मिळू लागताच मोठी विद्यापीठे त्यात उतरली. पुरुषांच्या स्पर्धा भरवणाऱ्या एनसीएए या बलाढ्य संघटनेने १९८२ साली महिलांची स्वतंत्र स्पर्धा सुरू केली आणि एआयएडब्ल्यूचा कारभार आटोपला. इमॅक्युलाटा किंवा डेल्टा स्टेटसारख्या लहान संस्थांना सर्वोच्च स्तरावर टिकून राहणे त्यानंतर अवघड झाले. आणखी एक बदल झाला. १९७२ साली अमेरिकेतील महाविद्यालयीन महिला संघांच्या प्रशिक्षकपदी नव्वद टक्क्यांहून अधिक स्त्रिया होत्या. पदांना चांगले वेतन मिळू लागल्यावर पुरुष त्याकडे वळले आणि पुढील काळात हे प्रमाण निम्म्याहून खाली आले. ज्या कायद्याने वेड यांना संधी दिली, त्याच्याच यशाची ही दुसरी बाजू आहे.

१९७८ पासून देशातील सर्वोत्तम महाविद्यालयीन महिला बास्केटबॉलपटूला 'वेड ट्रॉफी' दिली जाऊ लागली. पहिल्या मानकरी ठरल्या कॅरोल ब्लॅझेजोव्स्की. माया मूर यांनी हा पुरस्कार तीन वेळा मिळवला, तर केटलिन क्लार्क यांचेही नाव मानकऱ्यांच्या यादीत आहे.

मॅसॅच्युसेट्समधील स्प्रिंगफील्ड येथे बास्केटबॉलचे 'हॉल ऑफ फेम' आहे. १९८५ साली तेथे प्रथमच स्त्रियांचा समावेश झाला. त्या तीन स्त्रियांमध्ये वेड यांच्यासह ओक्लाहोमातील शालेय प्रशिक्षिका बर्था टीग आणि सेंडा बेरेन्सन होत्या. बेरेन्सन यांनी १८९२ मध्ये स्मिथ महाविद्यालयात मुलींना हा खेळ प्रथम शिकवला आणि त्यांना फार ताण पडू नये म्हणून मैदानाचे भाग पाडले. मुलींच्या खेळाला बंधने घालूनच का होईना, त्यांनी तो सुरू केला होता. वेड यांच्या संघाने तो त्या बंधनांशिवाय खेळून दाखवला. दोघींची नावे एकाच वर्षी, एकाच सभागृहात लागली.

१९८९, १९९० आणि १९९२ साली डेल्टा स्टेटच्या मुलींनी लॉइड क्लार्क यांच्या मार्गदर्शनाखाली एनसीएएच्या दुसऱ्या श्रेणीची राष्ट्रीय विजेतेपदे जिंकली. वेड तोपर्यंत हयात होत्या. १६ फेब्रुवारी १९९५ रोजी क्लीव्हलँड येथेच त्यांचे निधन झाले. त्या ८२ वर्षांच्या होत्या.