हाडांच्या दोन दुखण्यांतला भेद सांगणारे डॉ. ऑलब्राइट

शहापूर आणि मुरबाडच्या भातखाचरांत वाकून आयुष्य काढणाऱ्या स्त्रियांना कंबरदुखी नवी नाही. हाडांची घनता मोजणारे यंत्र या दुखण्याला एक आकडा देते; पण केवळ आकडा म्हणजे निदान नव्हे. याचे कारण डॉ. फुलर ऑलब्राइट यांच्या कार्यात सापडते.

अमेरिकेतील बफेलो येथे १९०० साली एका उद्योगपतीच्या घरी ऑलब्राइट यांचा जन्म झाला. हार्वर्डमधून १९२४ साली वैद्यकीय पदवी घेतल्यावर त्यांनी व्हिएन्नात याकोब एर्डहाइम यांच्या हाताखाली अस्थिरोगांचा अभ्यास केला. बोस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमध्ये त्यांची कारकीर्द बहरली.

१९४१ साली त्यांनी पासष्टीच्या आतील ४२ ऑस्टिओपोरोसिसग्रस्तांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांतील ४० स्त्रिया रजोनिवृत्त होत्या. स्त्रीसंप्रेरक घटल्याने हाडे विरळ होतात, हे त्यातून पुढे आले. ऑस्टिओपोरोसिसमध्ये हाड मुळातच कमी असते, तर ऑस्टिओमलेशियात हाडाचा साचा असतो, पण त्यात खनिज नीट भरत नाही, हा फरक त्यांनी आग्रहाने मांडला. पहिल्या विकारात रक्तातील कॅल्शियम व फॉस्फरस बहुधा प्राकृत असतात. दुसऱ्यात रक्ततपासणी बिघाड दाखवते. नवे हाड तयार न होणे हेच ऑस्टिओपोरोसिसचे मूळ, हे त्यांचे मत मात्र पुढे अपुरे ठरले. हाडांची झीज वाढणे हेही मोठे कारण असल्याचे नंतर स्पष्ट झाले.

ऐन उमेदीत त्यांना पार्किन्सनने गाठले. कंपवाताशी झुंजत त्यांनी संशोधन चालूच ठेवले. १९५६ साली मेंदूवरील शस्त्रक्रियेनंतर रक्तस्राव झाला आणि ते कायमचे अंथरुणाला खिळले. १९६९ साली त्यांचे निधन झाले. दरम्यान १९६३ साली किरणांच्या साह्याने हाडांतील खनिज मोजण्याची पद्धत अवतरली होती. तिचेच प्रगत रूप म्हणजे आजचा डेक्सा स्कॅन.

जागतिक आरोग्य संघटनेने १९९४ साली उणे २.५ किंवा त्याहून कमी टी-स्कोअर ही ऑस्टिओपोरोसिसची मर्यादा ठरवली. तथापि यंत्र फक्त खनिज मोजते. ते ऑस्टिओपोरोसिसमुळे घटले की ऑस्टिओमलेशियामुळे, हे सांगत नाही. मणक्यांच्या झिजेमुळे वाढलेले हाड आकडा फुगवते. अनेक अस्थिभंग तर या मर्यादेबाहेरील व्यक्तींनाच होतात. टाचेवरील अल्ट्रासाऊंड चाचणीला ही मर्यादा लागूच पडत नाही.

आहारात कॅल्शियम आणि शरीरात ड जीवनसत्त्व कमी असलेल्या स्त्रीसाठी हा भेद कळीचा आहे. ती कमतरता भरून न काढता ऑस्टिओपोरोसिसची काही औषधे दिल्यास रक्तातील कॅल्शियम धोकादायकरीत्या घसरू शकते. म्हणून आकड्याबरोबर रक्ततपासणी, आहार आणि पूर्वीच्या अस्थिभंगांची विचारपूस आवश्यक ठरते. यंत्र हाताशी नसताना ऑलब्राइट यांनी रुग्ण तपासण्याची हीच वाट दाखवली होती.