थोरले माधवराव पेशवे

गंगाखेडाहून गंगेच्या कांठानें वर गेलें असतां पुढें राक्षसभुवन लागतें. तेथें ता. १० आगस्ट १७६३ रोजीं माधवरावांनीं निजामअल्लीचा मोड केला. त्याच निजामाच्या घराण्याचा अंमल आपल्या परभणी जिल्ह्यावर १९४८ पर्यंत होता.

१७६१ त माधवरावांस पेशवाईचीं वस्त्रें मिळालीं, तेव्हां त्यांचें वय अवघें सोळा. कारभाराच्या लोभानें चुलते राघोबादादा निजामाची मदत घेऊन त्यांजवर चालून आले. पुढल्या वर्षीं आळेगांवीं, आपसांतला रक्तपात थांबावा म्हणून, माधवराव आपण होऊन चुलत्यांच्या छावणींत गेले. दाविदानें शौलावर हात टाकला नाहीं, त्याची आम्हांस येथें आठवण होते.

लोकांत मात्र दुफळी माजली. दादांनीं मिरज घेतल्यामुळें गोपाळराव पटवर्धन दुखावून निजामास मिळाले. निजामानें पुणें लुटून जाळलें. घरच्या भांडणाचा भुर्दंड गरीब रयतेनें भरला! राक्षसभुवनीं दादा शत्रूच्या गराड्यांत सांपडले, तेव्हां सोडविलें तें त्याच पुतण्यानें.

दादांनीं पुन्हां बंड केलें. मग १७६८ त धोडपास त्यांस पकडून शनिवारवाड्यांत कैदेंत ठेवावें लागलें. क्षमा करणें म्हणजे कारभार सोडून देणें नव्हे, हें मंडळींच्या वडिलांनीं पाहावें.

ता. १८ नोव्हेंबर १७७२ रोजीं थेऊरास माधवराव क्षयानें वारले. मरणापूर्वीं त्यांनीं धाकटा भाऊ नारायणराव यास दादांच्या हवालीं केलें. ता. ३० आगस्ट १७७३ रोजीं गारद्यांनीं नारायणरावाचा वाड्यांतच खून केला. रामशास्त्र्यांनीं दादांस दोषी ठरविलें, आणि शास्त्री पुणें सोडून गेले.