आकड्यांआधी गाव पाहणारे अर्थशास्त्रज्ञ

महाराष्ट्रातील सहकारी साखर कारखानदारीचा इतिहास प्रवरानगरपासून सुरू होतो आणि तेथे विठ्ठलराव विखे पाटील यांच्यासोबत एका प्राध्यापकाचे नाव आदराने घेतले जाते. केंद्राच्या निधीवाटपाची चर्चा निघाली की याच प्राध्यापकाच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या सूत्राचा उल्लेख होतो. डॉ. धनंजय रामचंद्र गाडगीळ यांच्या या दोन्ही कामांची मुळे मात्र पुण्यातील डेक्कन जिमखाना परिसरातल्या एका शांत वास्तूत आहेत. गोखले अर्थशास्त्र संस्था ही त्यांची खरी कर्मभूमी होय.

गाडगीळ यांचा जन्म १० एप्रिल १९०१ रोजी नाशिकला झाला. नागपूरला शिक्षण घेतल्यानंतर ते केंब्रिजला गेले. तेथे त्यांनी भारतातील उद्योगधंद्यांच्या स्थित्यंतरावर प्रबंध लिहिला. १९२४ मध्ये तो पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाला, तेव्हा लेखकाचे वय अवघे तेवीस होते. कारागिरांचे मोडलेले धंदे, गिरण्यांचा उदय आणि शेतीची बदललेली घडी यांची संगती लावणारा हा ग्रंथ पुढे अनेक पिढ्यांतील विद्यार्थ्यांनी अभ्यासला. मायदेशी परतल्यावर मुंबई सरकारच्या अर्थखात्यात त्यांनी अल्पकाळ नोकरी केली. १९२५ मध्ये ते सुरतच्या एम. टी. बी. महाविद्यालयाचे प्राचार्य झाले.

त्यांच्या आयुष्याला निर्णायक वळण मिळाले ते १९३० मध्ये. साताऱ्याचे रावबहादूर रा. रा. काळे यांनी दिलेल्या देणगीतून भारत सेवक समाजाने नामदार गोखले यांच्या स्मरणार्थ पुण्यात राज्यशास्त्र व अर्थशास्त्राची संशोधन संस्था उभारली आणि तिच्या संचालकपदी एकोणतीस वर्षांच्या गाडगीळ यांची नेमणूक झाली. पुढील छत्तीस वर्षे ते या पदावर होते.

त्या काळी आपल्याकडे अर्थशास्त्र शिकवले जाई ते मुख्यतः इंग्रजी पाठ्यपुस्तकांतून. पुस्तकातील बाजारपेठ आणि मंडईतील बाजारपेठ यांचा मेळ बसतो का, हे तपासण्याची रीत रुजलेली नव्हती. गाडगीळ यांनी नेमके तेच काम हाती घेतले. पुण्यातील फळबाजार हा संस्थेच्या सुरुवातीच्या पाहण्यांपैकी एकीचा विषय होता. पाठोपाठ मुंबई इलाख्यातील सहा जिल्ह्यांतल्या मोटार वाहतुकीची पाहणी झाली. वाई तालुक्यातील शेतीव्यवसायाचा हिशेब मांडला गेला. पुणे शहराच्या सामाजिक-आर्थिक पाहणीचा पहिला भाग १९४५ मध्ये आणि दुसरा १९५२ मध्ये प्रसिद्ध झाला. त्याच शहराच्या फेरपाहणीचा अहवाल १९५६ मध्ये निघाला. एकदा पाहिलेले पुन्हा जाऊन पाहावे आणि काय बदलले ते नोंदवावे, ही शिस्त संस्थेच्या अंगी मुरली. तेथे तयार होणाऱ्या संशोधकाला घरोघरी हिंडून माहिती गोळा करण्यापासूनच धडे गिरवावे लागत.

गोदावरी व प्रवरा कालव्यांच्या लाभक्षेत्राचा गाडगीळ यांचा अभ्यास १९४८ मध्ये प्रकाशित झाला. कालव्याच्या पाण्याचा हिशेब केवळ सरकारला मिळणाऱ्या पाणीपट्टीवरून करता येत नाही. त्या पाण्याने वाढलेले उत्पन्न, मजुरी आणि व्यापारही जमेस धरले पाहिजेत, हा त्याचा गाभा होता. त्याच सुमारास प्रवरेच्या काठी, लोणी परिसरात विखे पाटील ऊस उत्पादकांना संघटित करत होते. शेतकऱ्यांनी स्वतःचा कारखाना काढावा, ही कल्पना अनेकांना अव्यवहार्य वाटत असताना गाडगीळ त्यांच्या पाठीशी उभे राहिले आणि कारखान्याचे पहिले अध्यक्ष झाले. १९५० च्या अखेरीस कारखान्याची धुराडी पेटली. पाहणी करणारा अभ्यासक आपल्या निष्कर्षाची जबाबदारी अंगावर घेतो, असे उदाहरण विरळाच म्हणावे लागेल.

ग्रामीण पतपुरवठा हा त्यांच्या आस्थेचा आणखी एक विषय. रिझर्व्ह बँकेने हाती घेतलेल्या अखिल भारतीय ग्रामीण पतपाहणीच्या संचालन समितीचे ते सदस्य होते. ७५ जिल्ह्यांतील ६०० गावांत ही पाहणी झाली. शेतकऱ्याच्या एकूण कर्जात सहकारी संस्थांचा वाटा जेमतेम ३.१ टक्के असल्याचे विदारक वास्तव १९५४ च्या अहवालातून पुढे आले. सहकार अपयशी ठरला म्हणून तो सोडून न देता शासनाच्या भागीदारीने यशस्वी केला पाहिजे, अशी समितीची भूमिका होती.

राजकारणाच्या धकाधकीपासूनही ते अलिप्त राहिले नाहीत. संयुक्त महाराष्ट्राची बाजू त्यांनी अभ्यासपूर्वक मांडली. केंद्रीय नियोजनातील उणिवांवर ते सातत्याने टीका करत. १९६६ मध्ये ते पुणे विद्यापीठाचे कुलगुरू झाले आणि दुसऱ्याच वर्षी, ज्या योजना आयोगावर टीका केली, त्याच्याच उपाध्यक्षपदाची धुरा त्यांच्याकडे आली.

तो काळ कसोटीचा होता. दुष्काळ, युद्ध आणि परकीय चलनाची चणचण यांमुळे पंचवार्षिक योजना खंडित झाली होती. राज्यांना केंद्राकडून किती मदत मिळावी, हे ठरवण्याचा पारदर्शक निकष नव्हता. १९६९ मध्ये गाडगीळ सूत्र स्वीकारले गेले. आसाम, नागालँड आणि जम्मू-काश्मीरच्या गरजा आधी भागवून उरलेल्या रकमेपैकी ६० टक्के लोकसंख्येनुसार वाटायचे ठरले. दरडोई उत्पन्नातील मागासलेपण, करवसुलीचे प्रयत्न, चालू पाटबंधारे व वीज प्रकल्प आणि राज्यांचे विशेष प्रश्न यांना प्रत्येकी १० टक्के वाटा देण्यात आला. दिल्लीदरबारी ज्याचे वजन अधिक त्याचे पारडे जड, या रिवाजाला त्यामुळे मोठा आळा बसला. याच वर्षी त्यांच्या अध्यक्षतेखालील अभ्यासगटाने बँकांना विशिष्ट प्रदेशाची जबाबदारी देण्याची शिफारस केली. जिल्हावार अग्रणी बँक योजना त्यातूनच आकारास आली.

दिल्लीतील जबाबदारी संपवून पुण्याकडे परतत असताना ३ मे १९७१ रोजी रेल्वेप्रवासातच गाडगीळ यांचे निधन झाले. त्याच वर्षी गोखले संस्थेतील वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ यांचा भारतातील दारिद्र्यावरील अभ्यास प्रसिद्ध झाला व देशभर गाजला. दांडेकर यांच्याकडे १९६६ मध्येच संचालकपद आले होते. गाडगीळ यांचे पुत्र माधव गाडगीळ यांनी परिसरशास्त्रात हीच पायी हिंडून माहिती जमवण्याची परंपरा पुढे नेली.

गाडगीळ सूत्रात पुढे फेरबदल झाले. २०१५ मध्ये योजना आयोगाची जागा नीती आयोगाने घेतली. सहकारी साखर कारखानदारीने भरभराट पाहिली आणि पडझडही. गोखले संस्थेला १९९३ मध्ये अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला. तिच्या ग्रंथालयाला धनंजयरावांचे नाव आहे. फळबाजार, कालवे आणि वाईच्या शेतीचे त्यांचे जुने अहवाल अभ्यासकाला आजही हेच सांगतात, की धोरण आखण्यापूर्वी ज्याच्यासाठी ते आखायचे, त्याच्या दारापर्यंत एकदा जाऊन आले पाहिजे.