वायर की वायफाय? मार्कोनीच्या आयुष्यात या वादाचा निकाल कसा लागला

राउटर हॉलमध्ये, तुम्ही बेडरूममध्ये. ऑफिसची मीटिंग ऐन रंगात आलेली आणि नेमकं स्क्रीनवर चक्र फिरायला लागतं. लॅपटॉप उचलून हॉलकडे पळताना प्रत्येकाच्या मनात एकच विचार येतो. सरळ वायर ओढून घ्यावी का?

हा प्रश्न वायफायपेक्षा खूप जुना आहे. सव्वाशे वर्षांपूर्वी त्यावरून मोठमोठ्या कंपन्या भांडत होत्या आणि त्या भांडणाच्या मधोमध एक माणूस होता, गुलिएल्मो मार्कोनी.

पोटमाळ्यावरचे प्रयोग

मार्कोनीचा जन्म २५ एप्रिल १८७४ रोजी इटलीतल्या बोलोन्या शहरात झाला. वडील जमीनदार. आई आयर्लंडची, व्हिस्कीसाठी प्रसिद्ध असलेल्या जेमसन घराण्यातली. मार्कोनीकडे विद्यापीठाची पदवी नव्हती. पण हर्ट्झ या जर्मन शास्त्रज्ञाच्या विद्युतचुंबकीय लहरींच्या प्रयोगांबद्दल त्याला कळलं आणि त्याने घराच्या पोटमाळ्यावरच प्रयोगशाळा थाटली.

१८९५ मध्ये त्याचा सिग्नल टेकडीच्या पलीकडे पोहोचला. तिकडे भाऊ अल्फोन्सो बंदूक घेऊन उभा होता. सिग्नल मिळाल्याची खूण म्हणून त्याने बार काढला.

आता तुम्ही म्हणाल, तेव्हा तारेची सोय नव्हती का? होती की! १८६६ पासून अटलांटिकच्या तळाशी केबल काम करत होती. १८७० मध्ये मुंबईसुद्धा समुद्री केबलने इंग्लंडशी जोडली गेली होती.

मग बिनतारी कोणाला हवी होती? जहाजांना. किनारा सुटला की जहाजाचा जगाशी संपर्क तुटायचा, कारण चालत्या जहाजाला वायर जोडता येत नाही. मार्कोनी १८९६ मध्ये इंग्लंडला गेला, पेटंटसाठी अर्ज केला आणि पुढच्याच वर्षी त्याची कंपनी उभी राहिली.

केबलवाल्यांना घाम फुटला

१२ डिसेंबर १९०१ रोजी मार्कोनी न्यूफाउंडलँडमध्ये होता. पतंगाला बांधलेली तार हा त्याचा अँटेना. समोर सुमारे ३४०० किलोमीटरवर इंग्लंडमधलं पोल्डू केंद्र. तिथून पाठवलेलं एक अक्षर ऐकू आल्याचं त्याने जाहीर केलं. ते खरंच ऐकू आलं होतं का, यावर आजही तज्ज्ञांचं एकमत नाही.

पण केबल कंपनीने ते गांभीर्याने घेतलं. न्यूफाउंडलँडमध्ये तार सेवेची मक्तेदारी आपली आहे, असं सांगत तिने कायदेशीर कारवाईचा इशारा दिला. मार्कोनीने गाशा गुंडाळला आणि कॅनडात नवं केंद्र उभारलं.

बिनतारीची दुखणी

१९०२ मध्ये जहाजावरून चाचणी घेताना मार्कोनीच्या लक्षात आलं, की रात्री दूरवर पोहोचणारा सिग्नल दिवसा सुमारे ११०० किलोमीटरवरच दम तोडतो. वायरला दिवस-रात्रीने फरक पडत नव्हता. हवेला पडत होता.

दुसरं दुखणं जास्त लाजिरवाणं होतं. जून १९०३ मध्ये लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये मार्कोनीच्या यंत्रणेचं प्रात्यक्षिक होतं. ती सुरक्षित असल्याचा कंपनीचा दावा होता. पण अधिकृत संदेशाआधीच यंत्रावर मार्कोनीची टिंगल करणारा मजकूर उमटायला लागला! हे काम होतं नेव्हिल मॅस्केलिन या जादूगाराचं. याआधी एका केबल कंपनीनेच त्याला मार्कोनीचे सिग्नल चोरून ऐकायला नेमलं होतं.

असं असूनही १९०९ मध्ये मार्कोनीला कार्ल ब्राउनसोबत भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. १९१२ मध्ये टायटॅनिक बुडताना मदतीची हाक बिनतारीनेच गेली आणि सातशेहून अधिक जीव वाचले. तिथे कुठलीच केबल कामाला आली नसती.

खडकी, दौंड आणि शेवटचा निकाल

१९२० च्या दशकात मार्कोनीची कंपनी लघुलहरींकडे वळली. सगळीकडे सिग्नल पसरवण्याऐवजी एकाच दिशेने झोत सोडायचा, अशी ही पद्धत. १९२७ मध्ये भारत आणि इंग्लंड असे जोडले गेले. भारतातलं प्रक्षेपण केंद्र होतं पुण्याजवळच्या खडकीला आणि संदेश घेणारं केंद्र दौंडला.

ही सेवा इतकी स्वस्त पडली की केबल कंपन्यांचा धंदा ओढला गेला. मग बिनतारीने वायरला संपवलं का? नाही. १९२९ मध्ये ब्रिटिश साम्राज्यातल्या केबल आणि बिनतारी सेवा एकाच कंपनीखाली आणल्या गेल्या. १९३४ मध्ये या कंपनीचं नावच पडलं, केबल अँड वायरलेस.

मार्कोनीच्या आयुष्याला काळी बाजूही आहे. १९२३ मध्ये तो मुसोलिनीच्या फॅसिस्ट पक्षात गेला आणि शेवटपर्यंत त्या राजवटीसोबत राहिला. २० जुलै १९३७ रोजी रोममध्ये त्याचं निधन झालं, तेव्हा ब्रिटनमधल्या रेडिओ केंद्रांनी दोन मिनिटं प्रक्षेपण थांबवलं.

मग घरी काय करायचं?

आजही खंडाखंडांमधला बहुतांश डेटा समुद्राखालच्या केबलमधूनच जातो. मुंबईत वर्सोव्याच्या किनाऱ्यावर अशा केबल येतात. हवेतून जाते ती शेवटची काही पावलं, राउटरपासून तुमच्या मोबाईलपर्यंतची.

घरातही हाच हिशोब लावा. जहाजासारखं फिरणारं ते वायफायवर, म्हणजे मोबाईल आणि टॅबलेट. बंदरासारखं एकाच जागी असणारं ते वायरवर, म्हणजे स्मार्ट टीव्ही, डेस्कटॉप आणि कामाचं टेबल. साध्या कॅट ६ केबलवर १०० मीटरपर्यंत १ गिगाबिट वेग मिळतो. भिंत किंवा शेजाऱ्यांचे राउटर मध्ये येत नाहीत. शिवाय जड काम वायरवर गेलं की वायफायवरची गर्दी कमी होते आणि मोबाईललाही वेग मिळतो.

आणि वायफायला दणदणीत पासवर्ड ठेवा. हवेतला सिग्नल भिंतीपाशी थांबत नाही आणि मॅस्केलिन कुठल्याही काळात शेजारी राहायला येऊ शकतो.